आरशावरची टिकली

१९८७ च्या ऑगस्टपासून पुढची जवळजवळ दोन वर्षं माझी टिकली आमच्या बाथरूमच्या आरशावर राहायला होती. सकाळी आंघोळ झाली की कपाळावर लावायची, देवाला नमस्कार करायचा, चहा घ्यायचा आणि दाराला कुलूप लावायच्या आधी परत येऊन आरशाला चिकटवायची. संध्याकाळी घरी आले की पुन्हा कपाळावर. गोंद गेला की ती तिथेच सोडून नवी काढायची. त्यामुळे आरशाच्या उजव्या कोपऱ्यात मरून रंगाच्या ठिपक्यांची रांग लागली होती. नवरा दाढी करताना म्हणायचा, "अगं, गालावर गोवर उठल्यासारखा दिसतोय मी."

हसायचो आम्ही. त्या वयात माणूस कशावरही हसतो.

मी १९८६ साली लग्न होऊन डोंबिवलीहून न्यू जर्सीत आले. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरच्या स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर तिसऱ्या मजल्यावरची जागा. हिवाळ्यात रात्रभर हीटरच्या नळ्या खडखडायच्या. खाली रस्त्यावर दोन-तीन गुजराती दुकानं होती, तिथे तूरडाळ आणि हिंग मिळायचं. पोहे मात्र नेहमी संपलेले. मॅनहॅटनमधल्या एका बँकेत मला कारकुनी काम मिळालं आणि मी पाथ ट्रेनने जाऊ-येऊ लागले. डोंबिवली-व्हीटी केलेल्या बाईला त्या गाडीचं काय कौतुक असणार! पण तिथे एक नवीन गोष्ट शिकले. कोणी विचारलं, "कुठली गं तू?" की मी सांगायची, "जर्सी सिटी." समोरची बाई हसून म्हणायची, "नाही, म्हणजे मूळची कुठली?" वाईट हेतू नसायचा बहुतेकींचा. पण पहिलं उत्तर कोणालाच चालत नसे.

त्या ऑगस्टमध्ये जर्सी जर्नल या स्थानिक वर्तमानपत्रात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणाऱ्यांनी स्वतःचं नाव सांगितलं होतं 'डॉटबस्टर्स'. डॉट म्हणजे आमच्या कपाळावरचा ठिपका. तो फोडणारे ते. त्या काळात गाजलेल्या एका सिनेमाच्या नावावरून हे नाव पाडलेलं, म्हणजे विनोदबुद्धीही होती! भारतीयांना शहरातून हाकलण्यासाठी कुठल्याही थराला जाऊ, रस्त्यात हिंदू दिसला आणि संधी मिळाली तर मारू, घरांच्या आणि गाड्यांच्या काचा फोडू, असं सगळं सविस्तर लिहिलं होतं. पत्ते कसे शोधतो तेही होतं. टेलिफोन डिरेक्टरी उघडायची आणि पटेल हे नाव काढायचं.

आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर पटेलकाका राहायचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी टपालपेटीवरची नावाची पट्टी नखाने खरवडून काढली आणि तिथे नुसता घरक्रमांक लिहिला. खरवडल्याचे पांढरे ओरखडे मात्र राहिले, त्यामुळे त्या रांगेत तीच पेटी आधी डोळ्यांत भरायची. डिरेक्टरीतून नाव काढायला त्यांनी अर्ज केला तेव्हा कळलं की नाव छापायला पैसे पडत नाहीत, न छापायला दरमहा पडतात. काका तेही भरू लागले.

आम्हा मराठी मंडळींचं काय चाललं होतं? हे लिहायला मला पस्तीस-चाळीस वर्षं लागली. आम्ही म्हणत होतो, "आपण कुठे पटेल आहोत?" शनिवारी कोणाच्यातरी घरी जमायचो, साबुदाण्याची खिचडी व्हायची, आणि चर्चा अशी की हे दुकानवाल्यांचं, मोटेलवाल्यांचं भांडण आहे. ते घोळक्याने राहतात, मोठमोठ्याने बोलतात, गोऱ्यांच्या डोळ्यांवर येतात. आपण नोकरदार, शिकलेले. आमचं आडनाव इंग्रजीत लिहिलं की इटालियन वाटतं, असं नवऱ्याला ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं. त्याचा आम्हाला कोण आनंद! आणि तरी माझी टिकली आरशावरच.

२७ सप्टेंबरच्या रात्री शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी नावाच्या तीस वर्षांच्या तरुणाला पोरांच्या एका टोळक्याने गाठलं. सिटीकॉर्पमध्ये अधिकारी होता. मित्राबरोबर हॉटेलातून घरी निघाला होता. मित्र गोरा होता, त्याला कोणी हात लावला नाही. मोदीला 'हिंदू, हिंदू' ओरडत मारलं आणि चार दिवसांनी तो गेला. मोदी पारशी होता. ज्याच्या घरात कुंकवाचा ठिपका नाही, तो ठिपका फोडणाऱ्यांच्या दिवसांत हिंदू म्हणून मेला. मारणारे त्या पत्रवाल्यांपैकीच होते, हे कधी सिद्ध झालं नाही. मारहाणीबद्दल शिक्षा झाल्या, खुनाबद्दल एकालाही नाही. त्याच सुमारास जर्सी सिटीत एका भारतीय डॉक्टरला बॅटने मारून बेशुद्ध पाडलं. तो पुष्कळ दिवस कोमात होता. तो खटला पुढे केंद्र सरकारने चालवला, पण त्यातही कोणी दोषी ठरलं नाही. वंशद्वेषातून केलेल्या गुन्ह्यांसाठी न्यू जर्सीत १९९० साली कायदा कडक झाला, त्यामागे या दोन घटना होत्या.

मोदीच्या मारेकऱ्यांची नावं पेपरात आली तेव्हा मी ती दोन-दोनदा वाचली. मला स्मिथ आणि जॉन्सन अपेक्षित होते. आडनावं स्पॅनिश वळणाची होती. म्हणजे ज्यांचे आईबाप, आजीआजोबा आमच्यासारखेच बाहेरून येऊन गोदीत आणि कारखान्यांत राबले, त्यांची ही मुलं. तोवर कारखाने बंद पडत आले होते. होबोकेनमध्ये तर आधीची काही वर्षं भाडेकरूंच्या इमारतींना आगी लागत होत्या. पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबं त्यात होरपळली, गाव सोडून गेली आणि त्या जागी न्यूयॉर्कच्या बँकांत काम करणाऱ्यांसाठी चकचकीत फ्लॅट झाले. बँकांत काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे आमच्यासाठी. यात खुनाचं समर्थन नाही. पण ज्याच्या पायाखालची फळी निघते तो वर बघत नाही, शेजाऱ्याकडे बघतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आम्हीही पटेलांकडे तसंच बघत होतो की.

पुढे मुलगी शाळेत जायला लागल्यावर माझ्या शनिवारच्या दुपारी सार्वजनिक वाचनालयात जायच्या. ती खाली गोष्टीच्या तासाला, मी वर कपाटांमध्ये. तिथे मला भगतसिंग थिंड सापडले. पंजाबहून आलेला शीख माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराचा गणवेश घातलेला. त्यांनी नागरिकत्व मागितलं. १७९० पासूनचा कायदा म्हणे, बाहेरून आलेला माणूस 'गोरा' असला तरच नागरिक होईल. यादवी युद्धानंतर त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, पण आशियाई अधांतरीच. १९२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं, तुझी कातडी कितीही गोरी असो, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तू तो नाहीस. थिंडच्या वकिलांना वाटलं, झालं, काम फत्ते! त्या काळचे वंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणत. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच न्यायालयाने, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांच्या लेखणीतून, एकमताने निकाल दिला की शास्त्रज्ञ काय म्हणतात ते सोडा, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. पट्टी प्रत्येक वेळी अशी धरायची की समोरचा एक बोट कमी भरला पाहिजे.

इथवर वाचताना माझा संताप संताप झाला होता. मग थिंडच्या बाजूने कोर्टात काय मांडलं गेलं ते पुढे आलं. हिंदुस्थानातला उच्चवर्णीय माणूस तिथल्या मूळ रहिवाशांकडे, सोयरिकीच्या बाबतीत, ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो. आम्ही जात पाळतो, रक्तात भेसळ होऊ देत नाही, म्हणून आम्ही तुमच्यातले. जात हे ओळखपत्र म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दाखवलं होतं! मी पुस्तक मिटलं आणि खिडकीतून वाहनतळ बघत बसले. खिचडीच्या त्या शनिवारी आम्ही दुसरं काय म्हणत होतो?

त्या निकालानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णो दास बगाई यांचं गेलं, आणि १९२८ साली त्यांनी जीव दिला. कॅलिफोर्नियात सखाराम गणेश पंडित नावाचे वकील होते. नाव तरी आपल्या आळीतलं वाटावं. ते १९१४ पासून नागरिक होते. सरकारने त्यांच्यावरही दावा लावला. ते लढले. तुमच्या कागदावर विसंबून मी वकिली केली, घर घेतलं, संसार मांडला, आता बारा वर्षांनी कागद चुकीचा होता म्हणून कसं चालेल, असा मुद्दा. १९२६ मध्ये ते अपिलात जिंकले आणि मग सरकारने तसले खटले आवरते घेतले. पंडितांचं मला कौतुक वाटतं. स्वतःच्या खटल्यात वंशाच्या चिखलात न उतरता त्यांनी व्यवहाराची गोष्ट केली.

जर्सी सिटीच्या धक्क्यावरून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, पण पाठमोरा. तिचं तोंड समुद्राकडे. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथेच नेत असू, कारण बोटीचं तिकीट वाचायचं. या पुतळ्याच्या पायथ्याशी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्याआधी भारतासाठी वर्षाला जेमतेम शंभर जागा, त्याही १९४६ पासून. माझा नवरा, पटेलकाका, मोदी, तो डॉक्टर, आम्ही सगळे या ६५ च्या कायद्याच्या दारातून आत आलो. आणि ते दार उघडलं कोणी? १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा, ६५ च्या ऑगस्टमधला मतदानाचा, आणि त्यांच्या पाठोपाठ हा. वंश बघून माणसं निवडणं लाजिरवाणं आहे, असं या देशाला वाटायला लागलं ते काळ्या लोकांनी हक्कांसाठी पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे फवारे अंगावर घेतले म्हणून. हे मला इथे येऊन दहा वर्षं होईपर्यंत कोणीही सांगितलं नाही. उलट विमानतळावरून घरी येताना पहिल्याच दिवशी जे सांगितलं गेलं ते असं: "तिकडच्या रस्त्याने जायचं नाही हं, तिकडे काळ्यांची वस्ती आहे."

१९९४ मध्ये आम्ही एडिसनला घर घेतलं. घर शोधताना वंशाचा उच्चार एकदाही झाला नाही. दलाल बाई फार गोड. ती फक्त 'शाळा चांगल्या आहेत' आणि 'शाळा तशा ठीक आहेत' म्हणायची. 'ठीक' म्हटलं की आम्ही गाडीतून उतरतही नसू. घरातल्या घरात मात्र आम्ही त्याचं मराठी भाषांतर करत होतो, ते वर लिहिलंच आहे.

'चांगली शाळा' या शब्दामागे काय काय आहे, तेही वाचनालयातच कळलं. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करवले. चांगल्या वस्त्या हिरव्या, मग निळ्या, पिवळ्या, आणि जिथे काळे लोक राहतात त्या लाल. लालमध्ये कर्ज देणं धोक्याचं. आमच्या शेजारचं न्यूअर्क शहर मी त्या नकाशात पाहिलंय. लाल पट्ट्यात बँका फिरकल्या नाहीत, घरं पडायला आली, युद्धानंतर गोरी कुटुंबं स्वस्त कर्ज घेऊन उपनगरांत गेली. १९६७ च्या जुलैत एका काळ्या टॅक्सीवाल्याला पोलिसांनी मारहाण केल्यावरून न्यूअर्क पेटलं, सव्वीस माणसं मेली, उरलेसुरले गोरेही गेले. घर विकताना-भाड्याने देताना वंश बघायला १९६८ च्या कायद्याने बंदी आली, पण तोवर पैसा जिथे साठायचा तिथे साठला होता. न्यू जर्सीत शाळेचा खर्च मुख्यतः घरपट्टीतून निघतो. घर महाग तिथे घरपट्टी भरघोस, घरपट्टी भरघोस तिथे शाळा चांगली, शाळा चांगली म्हणून घर आणखी महाग. या चाकाला आता वंगण लागत नाही, कोणी द्वेष करावा लागत नाही. आमच्यासारखं एक सज्जन जोडपं मुलीच्या भल्यासाठी सही करतं, एवढं पुरतं. आमचं घर तेव्हापासून चौपट झालं. मी ते विकून पैसे न्यूअर्कला वाटणार आहे का? नाही.

टिकली एव्हाना अधूनमधून कपाळावर परतली होती. एडिसनमध्ये जागोजागी आपल्याकडची माणसं, ओक ट्री रोडवर साड्यांपासून चकलीच्या सोऱ्यापर्यंत सगळं मिळायला लागलेलं. तरी ऑफिसला जाताना सवयीने काढलेलीच असायची.

ती पुन्हा नियमाने लागली २००१ च्या सप्टेंबरात. हा भाग मी मुलीलाही नीट सांगितलेला नाही.

मनोरे पडल्यानंतर चार दिवसांनी, १५ तारखेला, ॲरिझोनातल्या मेसा गावात बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर एकाने गोळ्या घातल्या. ते तिथे फुलझाडं लावत होते. पगडी आणि दाढी बघून मुसलमान समजून मारलं. आमच्याकडे लगेच फोनाफोनी. मोटारीला अमेरिकेचा झेंडा लावा, पोरांना दाढी वाढवू देऊ नका. आणि बायकांनी काय करावं? टिकली लावा. मोठी लावा. म्हणजे लांबून कळेल की आपण त्या नव्हेत.

मी लावली. ऑफिस पुन्हा सुरू झालं त्या सोमवारी मी रुपयाएवढी लाल टिकली लावून स्टेशनवर गेले. चौदा वर्षांपूर्वी जी आपला घात करेल म्हणून आरशावर ठेवून जायची, ती आता मला वाचवायला कपाळावर. त्याच गाडीने रोज एक बाई यायची, डोक्याला हिजाब, वय माझ्याएवढंच. ती किराणा त्याच दुकानात घ्यायची जिथे मी घेते. आलं निवडताना आमचं दोन वाक्यं बोलणंही व्हायचं, तिच्या उर्दूत आणि माझ्या मुंबईच्या हिंदीत. त्या दिवशी गाडी भरलेली होती आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती. माणसं उभी होती पण तिथे बसत नव्हती. तिने मला पाहिलं, पर्स उचलून मांडीवर घेतली. म्हणजे ये, बस. मी दरवाज्याजवळचा खांब धरला आणि मेट्रोपार्कपासून न्यूअर्कपर्यंत खिडकीबाहेर बघत उभी राहिले. तिने पर्स पुन्हा बाकावर ठेवली नाही, मांडीवरच धरून ठेवली. महिन्याभरानंतर ती त्या गाडीला दिसेनाशी झाली. दुकानातही नाही.

२०१५ च्या फेब्रुवारीत माझा थोरला भाऊ आमच्याकडे आला होता. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, पहाटे पाचला उठून फिरायची सवय. माकडटोपी, वर जावयाने दिलेला जाडजूड कोट, हात खिशात. तेव्हाच अलाबामातली बातमी आली. मॅडिसन नावाच्या गावात सुरेशभाई पटेल नावाचे सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ मुलाकडे नातवाला सांभाळायला आले होते. सकाळी घरासमोरच्या रस्त्यावर फिरत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक किडकिडीत काळा माणूस घरं न्याहाळत चाललाय. पोलिसाने अडवलं, यांना इंग्रजी येईना, 'नो इंग्लिश, इंडिया' एवढंच म्हणाले. पोलिसाने हात मागे धरून तोंडावर आपटलं. मानेच्या मणक्याला मार, अर्धांग लुळं. सगळं चित्रीकरण सगळ्या टीव्हीवर दिसलं. दोन वेळा ज्युरींचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला सोडून दिलं.

आम्ही दादाला समोर बसवून शिकवणी घेतली. हात खिशात नको. टोपी नको, थंडी वाजली तरी. पोलीस दिसला तर जागच्या जागी थांब, हात दिसतील असे ठेव, पळू नको, खिशातून एकदम काही काढू नको. पत्त्याची चिठ्ठी गळ्यात अडकव. दादा म्हणाला, "अगं, मी काय हरवलेलं पोर आहे का?" पण रुसून दोन दिवस गेलाच नाही फिरायला.

हे सगळं मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, जरा चढ्या आवाजात, माझ्यावर अन्याय झाल्यासारखं. ऐकणारी माझ्या शेजारच्या टेबलावरची, वीस वर्षांपासूनची सहकारी, काळी. तीन मुलगे तिला. तिने सँडविच खाली ठेवलं नाही की चेहराही बदलला नाही. म्हणाली, "हो ना. आम्ही हे मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की शिकवतो." थोड्या वेळाने म्हणाली, "टोपीचं मात्र आम्ही आधी सांगतो."

वीस वर्षं आम्ही शेजारी बसत होतो. तिला मी कधी विचारलं नव्हतं. पटेलांना मारलं ते त्यांना काळं समजून, सोधींना मुसलमान समजून. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचीभोटला या इंजिनीअरला 'माझ्या देशातून चालता हो' म्हणत गोळ्या घातल्या, ते इराणी समजून. त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप गटावर सगळे लिहीत होते, 'चुकून मारलं बिचाऱ्याला.' माझी लेक, इथेच जन्मलेली, स्वयंपाकघरात उभी राहून ते वाचत होती. तिने विचारलं, "चुकून म्हणजे? आई, इराणीच असता तर बरोबर झालं असतं का?" मी पोळी उलटली. ती करपली होती आधीच.

त्याच वर्षी नोव्हेंबरात स्थानिक निवडणुका होत्या. आमच्या एडिसनमध्ये शाळा मंडळासाठी उभ्या राहिलेल्या दोन उमेदवारांचे, एक चिनी वंशाचा, एक पटेल, फोटो छापलेली पत्रकं टपालाने घरोघरी आली. फोटोंवर शिक्का: हद्दपार करा. चिनी आणि भारतीय आपलं गाव ताब्यात घेताहेत, आता क्रिकेटची मैदानंसुद्धा मागताहेत, पुरे झालं. गंमत बघा, क्रिकेट हाही गुन्हा. त्याआधी, २०१० मध्ये, टाइमसारख्या साप्ताहिकात एडिसनवर एक 'विनोदी' लेख आला होता. लिहिणारा इथेच वाढलेला. आमच्या गावात भारतीय किती झाले, याबद्दल त्याचं उसासे टाकणं आणि त्यात पुन्हा आमच्या ठिपक्यावरची जुनी शिवी. साप्ताहिकाने नंतर दिलगिरी व्यक्त केली. होबोकेनमध्येही २०१७ च्या त्याच आठवड्यात पगडीवाल्या रवी भल्ला यांच्याविरुद्ध पत्रकं निघाली, दहशतवादाला गाव देऊ नका म्हणून. भल्ला निवडून आले, महापौर झाले. ज्या गावात मोदीला मारलं त्या गावचे. हे घडलं याचा मला आनंदच झाला, पण पत्रकं छापणाऱ्यांनीही त्याच गावात मतदान केलं असणार, एवढं आता कळतं.

आपल्याकडून या देशाकडे बघणाऱ्यांत एका माणसाची मला फार आठवण येते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यांनी गुलामांची मुक्तता केली, माझ्या देशबांधवांनी तोच कित्ता शूद्र बांधवांच्या बाबतीत गिरवावा, ही इच्छा. पुण्यात बसून एवढ्या लांबचं त्यांना दिसलं. त्यांना दिसलं नाही ते एवढंच की चारच वर्षांत, १८७७ मध्ये, अमेरिका दक्षिणेतल्या काळ्यांना वाऱ्यावर सोडून देणार होती. बाबासाहेब १९१३ ते १६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबियात शिकले. माझ्या पाथ ट्रेनच्या शेवटच्या स्टेशनापासून तासाभराच्या आत पोचता येतं तिथे. एवढं शिकून ते १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर गेले तर शहरात राहायला जागा मिळेना, काठ्या घेऊन आलेल्यांनी खोलीतून बाहेर काढलं. १९४६ च्या जुलैमध्ये, म्हणजे भारतीयांना इथे नागरिक होता येईल असा कायदा झाला त्याच महिन्यात, त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास करणं मला गरजेचं वाटतं, आणि संयुक्त राष्ट्रांकडे अमेरिकेतल्या निग्रोंनी जो अर्ज केलाय त्याच्या प्रती मिळतील का, असं त्यात होतं. त्याच महिनाअखेरीस ड्यू बॉइस यांनी उत्तर लिहिलं. थिंडच्या वकिलांनीही तीच तुलना केली होती, फक्त वरच्या बाजूला उभं राहून.

२०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत, पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. आमच्या गटावर दोन दिवस धुरळा. 'आपली बदनामी', 'इथे कोण जात पाळतं?' मी अंगठा दाखवला नाही, विरोधही केला नाही. गट म्यूट केला.

त्या वर्षीच्या कोजागिरीला नेहमीसारखे सगळे जमलो. थंडी होती, चंद्र ढगात, दूध गॅरेजमध्ये मोठ्या पातेल्यात उकळत ठेवलेलं. बोलण्यात घरांच्या किमती. पलीकडच्या गल्लीत आता 'कसले कसले' लोक येताहेत, असं कोणीतरी म्हणालं आणि बऱ्याच माना हलल्या. एक नवीन मुलगा आला होता, एच-वन-बीवर, सात-आठ महिन्यांपूर्वी आलेला, एकटा. कोपऱ्यात पेला धरून उभा होता. मला वाईट वाटलं. मी चारोळ्या जास्त घालून त्याचा पेला पुन्हा भरला आणि गप्पा सुरू केल्या. ऑफिस कुठे, जेवणाचं काय करतोस. मग नाव विचारलं. त्याने नुसतं पहिलं नाव सांगितलं.

"आणि गाव?"

"डोंबिवली."

मला केवढा आनंद झाला! पूर्व की पश्चिम, टिळकनगर की कुठे, फडके रोडवरची दिवाळी आठवते का, सगळं विचारून झालं. तो हसून उत्तरं देत होता. आणि मग माझ्या तोंडून, अगदी प्रेमाने, गेलं:

"हो रे, पण मूळचे कुठले तुम्ही?"

त्याने दुधावरची साय बोटाने बाजूला केली. माझ्या कपाळाकडे बघितलं की चेहऱ्याकडे, कोण जाणे.

"डोंबिवलीचेच, काकू," तो म्हणाला.